दोन सुवर्णा आणि सेहेचाळीस होकार

माझं काम काय, असं नेकनूरच्या स्टँडवर कुणी विचारलं की मी सांगते, हुडकायचं. मग विचारणारा म्हणतो, "काय हरवलंय?" काहीच हरवलेलं नसतं. बटण जिथल्या तिथं असतं, चौकट जिथल्या तिथं असते, डोळ्यांना दिसतही असते. तरी ती रोज हुडकावी लागते आणि त्याचा मला पगार मिळतो. हे ऐकून एका कंडक्टरनं माझी नोट उजेडात धरून पाहिली होती.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मावशी, तुमचा सगळा प्रवास लिहा." माझा प्रवास रोज नेकनूर ते बीड असा होतो आणि त्यात खिडकी मिळाली तर मी झोपते. तेव्हा कामाचंच लिहिते. मधे मी एक मोठी चूक केली, तीही लिहिते. ती गाळली तर उरेल ती नुसती फुशारकी, आणि फुशारकी वाचायला कोण दिवाळीचा अंक विकत घेतं?

मी चौथी पास. तीस वर्षं एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होते. निवृत्त होऊन घरी बसले आणि तीन महिन्यांत सुनेनं हात जोडले. "आत्या, तुमी कुठंतरी जावा," म्हणाली. "कुठं बी जावा, पण सकाळी जावा." तिचंही खरं होतं. मी तिचे डबे रोज उघडून बघत होते.

बीडला अय्युबमिस्त्रीचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. वरच्या खोलीत त्याची मुलगी नसरीन कॉम्प्युटरचं काम करते. नसरीन माझ्याच वॉर्डात जन्मली, तिला पहिली आंघोळ मी घातली, म्हणून तिच्यावर ओरडायचा हक्क मला आहे असं मी समजते. ती इंजिनियर होऊन पुण्याला गेली, चार वर्षांनी परत आली आणि बापाच्या डोक्यावर खोली थाटून बसली. तिला झाडायला आणि चहा करायला बाई हवी होती. मी गेले.

नसरीननं एक यंत्र बनवलं आहे. यंत्र म्हणजे हात लावण्यासारखं काही नाही, ते लॅपटॉपच्या आतच राहतं. त्याला तिनं इंग्रजी नाव दिलं होतं. माझ्या जिभेला ते जमेना, मी हुडक्या म्हणू लागले आणि आता गिऱ्हाईकंही हुडक्याच म्हणतात. तो काय करतो ते सांगते. एखाद्याची वेबसाइट असते. मालक रोज तिच्यात काहीतरी बदलतो, आज रंग, उद्या गणपतीचा फोटो. बदलताना कुठलंतरी बटण मरतं आणि मालकाला पत्ता नसतो. मग रोज कुणीतरी सगळी बटणं दाबून, सगळ्या चौकटी भरून बघायला पाहिजे. माणूस दहाव्या वेळी कंटाळतो, विसाव्या वेळी खोटं बोलतो. हुडक्या कंटाळत नाही. तो आपणहून पान उघडतो, सांगितलेली वस्तू हुडकतो, दाबतो, पुढच्या पानावर जातो. सापडली तर हिरवं, नाही सापडली तर लाल.

फक्त एक गोम आहे. त्याला डोळे नाहीत. त्याला पत्ता द्यावा लागतो, आणि पत्ता देणं हेच सगळं काम.

पहिल्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले तर नसरीन केस ओढत बसली होती. एका रोपवाटिकेची वेबसाइट होती. हुडक्याला 'पुढे' नावाचं बटण दाबायला सांगितलं होतं. तो दाबत होता, आणि आंब्याची कलमं सोडून शेणखताच्या पानावर जात होता. दोन तास.

मी मागून बघितलं. "तीन हायत की गं."

"काय तीन?"

"'पुढे' तीनदा लिहिलंय. एक वर, एक मधी, एक खाली. कोणतं म्हणून सांगितलंस त्याला?"

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला वॉर्डातलं सांगितलं. एकदा तीन काशीबाई एकदम भरती होत्या. डॉक्टर दारातून ओरडले, काशीबाईला आणा, तर तिघी उठून उभ्या राहिल्या, आणि जिच्या पायाला प्लास्टर होतं तीही. मग मी नियम केला. नुसतं नाव घ्यायचं नाही. खिडकीजवळची काशीबाई, जिच्या उशाला स्टीलचा डबा आहे ती काशीबाई, आणि जिची सून रडते ती काशीबाई. तिसऱ्या खाटेवरची असंही सांगायचं नाही, कारण रात्रीतून खाटा सरकतात.

नसरीननं कागद ओढला. "परत बोला मावशी. हळू बोला."

तिनं हुडक्याला सांगितलं, 'आंबा' लिहिलेल्या चौकटीच्या आतलं 'पुढे'. हिरवं झालं. त्या दिवसापासून मला खुर्ची मिळाली आणि झाडायला अय्युबमिस्त्री स्वतः वर येऊ लागला. "क्या बाई," म्हणायचा, "माझ्याच घरात माझी बदली केलीस."

पुढं नसरीननं हुडक्याला मराठी शिकवलं. आता मी एका बोटानं लिहिते: 'गाव' लिहिलंय त्याच्या खालची चौकट शोध, 'चौसाळा' लिही. तो ऐकतो. सूनही एवढं ऐकत नाही.

त्याच्या खोडी मात्र शिकाव्या लागल्या. एक म्हणजे त्याला दम नाही. पान अजून उघडतंय, तेवढ्यात हा आत घुसून बटण मागतो आणि नाही म्हणून लाल दिवा लावतो. शस्त्रक्रिया झालेली बाई शुद्धीवर यायच्या आधीच नातेवाईक विचारतात ना, "ओळखलं का मला?" तसं. त्याला आधी सांगावं लागतं, थांब, दिसेपर्यंत थांब, मग हात लाव. दुसरं, बटण असतं पण त्याच्यावर जाहिरात येऊन बसलेली असते. हुडक्या तक्रार करतो की दाबता येत नाही. अशा वेळी आधी वरच्याला उठवायचं.

आणि गिऱ्हाईकं! एका चपलांच्या दुकानदाराच्या भाच्यानं 'विकत घ्या' हे बटण नाचतं केलं. ते पानभर उड्या मारायचं. हुडक्या डावीकडं जायचा, तर ते उजवीकडं. अकरा वेळा लाल. मी दुकानदाराला फोन केला, बटण स्थिर करा.

"कावून? चांगलं नाचतंय की," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मागं लागंल."

"गिऱ्हाईक काय कोंबडीमागं पळणारं लेकरू हाय का? आमचं मशीन दमलं."

"मशीन दमतंय व्हय?" तो खूश झाला. "म्हंजे लईच भारी बटण झालंय."

ते बटण अजून नाचतंय. चपला कशा विकल्या जातात ते तोच जाणे.

आता चुकीचं सांगते.

पाटोद्याला एक निवृत्त मास्तर वधूवर सूचक मंडळ चालवतात. आधी त्यांच्याकडं जाड वह्या होत्या, मग वेबसाइट झाली. प्रत्येक स्थळाच्या फोटोखाली बटण असतं, 'पसंती कळवा'. ते दाबलं की समोरच्याच्या मोबाइलवर संदेश जातो. ते बटण चालतं की नाही, हे हुडक्यानं रोज बघायचं. नसरीननं मास्तरांना सांगितलं, खऱ्या साइटची एक खोटी नक्कल करू, तिच्यावर तपासू. मास्तर म्हणाले, "लग्नाच्या कामात खोटं काही ठेवायचं न्हाई." मग खऱ्या साइटवरच दोन खोट्या वधू आणि तीन खोटे वर घालायचं ठरलं. खोट्या वधूला फक्त ते तीन खोटे वर दिसतील अशी सोय नसरीननं केली. मास्तरांनी आपली किल्ली आम्हाला दिली, म्हणजे कुणाच्याही नावानं पान उघडता येईल अशी परवानगी.

नसरीननं खोट्या वधूंची नावं ठेवली, 'टेस्ट एक' आणि 'टेस्ट दोन'.

मला ते पटेना. "लग्नाच्या यादीत पोरीचं नाव टेस्ट? अगं, खोटी झाली तरी नवरी हाय ती."

"मावशी, ती नवरी नाही, नोंद आहे."

"नोंदीला बी काही मान असतोय."

मास्तर माझ्या बाजूनं झाले. मी हौसेनं नावं ठेवली. एक मंदाकिनी, पाटोदा. दुसरी सुवर्णा, चौसाळा, शिवणकाम येते. शिवणकाम मी माझ्या मनानं घातलं. नुसती नवरी कशी पाठवायची?

आणखी एक उद्योग मी करून ठेवला होता. एका नावाच्या दोन वस्तू सापडल्या तर हुडक्या थांबायचा आणि विचारायचा, यातली कोणती? दिवसातून पन्नासदा विचारायचा. नव्या नवरीसारखं, मीठ किती घालू, पाणी किती घालू. मला वैताग आला. मी ते विचारणं बंद केलं. दोन सापडल्या तर वरची घे, असं लिहून टाकलं. काशीबाईचा नियम दुसऱ्याला शिकवणारी मी, आणि हे मीच लिहिलं.

रोजची तपासणी तोवर मंदाकिनीवरच चालली होती, सुवर्णाची पाळी पहिल्यांदाच आली. त्या शनिवारी दुपारी नसरीन खाली बापाला जेवण द्यायला गेली होती. मी हुडक्याला लिहिलं: 'सुवर्णा, चौसाळा' हिचं पान उघड. 'पसंती कळवा' लिहिलेलं बटण शोध, दाब. एकही उरत नाही तोवर दाबत राहा. तीनच असणार होती. मी 'चालू' दाबलं आणि लाडू खायला घेतला.

हिरवं, हिरवं, हिरवं, हिरवं. लाडू संपला तरी हिरवंच चाललं होतं. शेवटी आकडा आला, सेहेचाळीस. माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते हे, की आज हुडक्यानं लई काम केलं.

दहा मिनिटांत मास्तरांचा फोन. त्यांचा आवाज चिरकला होता.

"कांताबाई! चौसाळ्याच्या एका बाईनं सेहेचाळीस जणांना पसंती कळवलीय! एका दमात! माझे फोन वाजायलेत! त्यात माझा मेहुणा बी हाय!"

"कोण बाई?"

"सुवर्णा! चौसाळ्याची! शिवणक्लास हाय तिचा!"

माझ्या हाताला लाडवाचं तूप होतं, फोन निसटला. आठ दिवसांपूर्वी खरीखुरी सुवर्णा, चौसाळ्याची, शिवणकाम करणारी, नाव नोंदवून बसली होती. यादीत नवी नोंद वर येते. हुडक्यानं वरची घेतली.

नसरीन वर आली. मी सांगितलं. आधी ती भिंतीला टेकली, मग हसायला लागली, हसता हसता तिला उचकी लागली, आणि मग पाणी पिऊन म्हणाली, "मावशी, ती खरी बाई आहे."

"म्हणूनच सांगतेय. मास्तरांची किल्ली हाय, सगळे होकार मागं घे आत्ताच्या आत्ता."

"नाही. एकदा तिच्या नावानं आपण बटण दाबलं. आता तिला विचारल्याशिवाय दुसरं दाबायचं नाही."

पोरीचं बरोबर होतं. आम्ही सुवर्णाला फोन लावला. लागेना. कसा लागेल? त्याच फोनवर सेहेचाळीस जण रांगेत होते. मास्तरांनी आणखी भर घातली होती. ज्यानं पत्ता विचारला त्याला त्यांनी दिला. "होकार आलेल्या स्थळाला पत्ता द्यायचा, असा मंडळाचा नियम हाय," म्हणाले.

रविवारी सकाळी मी नसरीनला आणि तिच्या लॅपटॉपला घेऊन चौसाळ्याला गेले. हमरस्त्यावर उतरलो. सुवर्णाचं दुकान विचारावं लागलंच नाही. एका पत्र्याच्या शेडपुढं सात पुरुष इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. एकजण मामाला घेऊन आला होता, एकजण पेढे. मास्तरांचा मेहुणा गॉगल लावून सगळ्यांच्या पुढं होता. दारात एक आडवा माणूस हाताची घडी घालून उभा. तो दत्ता, सुवर्णाचा भाऊ.

"तुमी कोण? वराकडच्या का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. ही सगळी जत्रा मी भरवलीय. माफी मागायला आले."

मी सगळं सांगितलं. हुडक्या त्याला कळला नाही, पण मी चुकले हे कळलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"बाई, तुमाला ठाव न्हाई काय झालंय ते. पहिलं घर तिनं सोडलं. त्याला पाच वर्षं झाली. मी स्थळ आणलंय, बरं हाय, ठेकेदार हाय. ही म्हंती, मला माझं बघू दे. मी म्हटलं, बघ, महिनाभर बघ. न्हाई जमलं तर मी म्हंतो तिथं. आज महिना भरतोय. आन काल हिनं सगळ्या जिल्ह्याला होकार दिला! गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

"तिनं न्हाई दिला. मी दिला."

"ते गावाला कोण सांगणार?"

"मी. माझा आवाज मोठा हाय."

मी आत गेले. सुवर्णा शिलाई मशीनवर बसून ब्लाउज शिवत होती. छत्तीस वर्षांची, सुकी, चलाख बाई. मान वर न करता म्हणाली, "तुमीच का त्या?"

"मीच."

"कावून केलं असं? मी तुमचं काय वाईट केलतं?"

"काही न्हाई. माझ्या खोट्या पोरीचं नाव तुझ्या नावासारखं निघालं. मी बघितलं न्हाई. चूक झाली."

"चूक." मशीन जोरात चाललं. "आठ दिवस झाले, मी त्या बटणावर बोट न्हेत होते आन मागं घेत होते. एकदाच दाबायचं हाय, नीट दाबू, म्हणून. आन तुमी सेहेचाळीसदा दाबून मोकळ्या! जेवल्या असताल वर."

"लाडू खात होते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

तिनं मान वर केली. हसली नाही, पण ओठ दाबले. मी विचारलं, "बाहेरचे कोण कोण हायत ते सांग. मी वाटेला लावते."

ती घडाघडा बोलायला लागली. "तो गॉगलवाला, किसन, मास्तरांचा मेहुणा. पेढेवाला रमेश, नेकनूरचा, कालपासून नऊ फोन. मामा घेऊन आलाय तो बालाजी, स्वतः काहीच बोलत न्हाई, मामाच लग्न करतोय वाटतं. तो उंच शिवाजी. ते दोघं सख्खे भाऊ हायत, महादेव आन अंकुश, दोघांना बी गेलाय तुमचा होकार. कडेला विलास. एवढेच." मग दोरा तोडत हळू म्हणाली, "आन ते आलते. पाटोद्याचे."

"ते कोण?"

"पाटोद्याचे."

"नाव काय त्यांचं?"

"लिहिलंय की तिथं. वाचा." तिनं मोबाइल माझ्याकडं सरकवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा सुईत जाईना. सात पुरुषांची नावं जी बाई भाजीसारखी मोजते, तिला आठवं तोंडातून निघेना. तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलेल्या माणसाला यापुढं काही विचारावं लागत नाही.

मी वाचलं. उद्धव. गुरांच्या दवाखान्यात नोकरी. बायको वारली.

"आता कुठं गेले?"

"रांग बघितली आन स्टँडकडं गेले. मागं बी बघितलं न्हाई." सुई परत चुकली. "जाऊ द्या. दादाचं स्थळ हाय ना."

मी बाहेर आले. आधी रांगेची व्यवस्था लावली, नाहीतर आठवा आला तरी त्याला जागा नव्हती. सुवर्णाच्या कटिंगच्या कागदाचे तुकडे फाडले, आकडे घातले, एकेकाला वाटले. हातात नंबर दिला की माणूस निम्मा शांत होतो, हे मी ओपीडीत शिकले. मग मोठ्यानं सांगितलं, "ऐका! सुवर्णाबाईनं कुणालाच पसंती कळवलेली न्हाई. कॉम्प्युटरनं कळवली. चूक माझी हाय. शिव्या द्यायच्या त्यांनी नंबरानं या."

किसन पुढं आला. "मशीननं तर मशीननं, पण पसंत मीच पहिला पडलो न्हवं?"

"तुमी यादीत वर होता."

"तेच म्हंतो मी. वरचा नंबर!" त्यानं गॉगल नीट केला.

महादेव भावाला म्हणाला, "बघ, मी सांगत होतो, दोघांना एकदम कोणती बाई होकार देती?" मामानं विचारलं, "मग त्या दुसऱ्या, खोट्या सुवर्णाचं काय? तिचं ठरलंय का कुठं?" मी म्हटलं, तिला शिवणकाम येतं, पण ती नाहीच आहे. मामा म्हणाला, "तरी विचारून ठेवा." रमेशनं पेढ्याचा बॉक्स उघडला आणि सगळ्यांना वाटायला लागला. रिकामा कशाला न्यायचा, म्हणाला.

पेढे सुरू झाले तेवढ्यात मी स्टँडकडं पळाले. पळाले म्हणजे माझ्या गुडघ्यांना जेवढं जमलं तेवढं.

स्टँडवर पंचवीस-तीस माणसं. साइटवरच्या फोटोत उद्धव बारीक, काळ्या केसांचा, निळा शर्ट. फोटो कधीचा होता देव जाणे. निळे शर्ट चार होते. पाटोद्याकडं जायची मांजरसुंब्याची बस समोरून येताना दिसत होती. आता हुडक्या असता तर वरचा घेऊन मोकळा झाला असता. मी मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "चौसाळ्याच्या सुवर्णाबाईचा होकार खोटा होता! मशीननं चुकून दिला! ज्याला ज्याला आलाय त्यानं ऐकून घ्यावं!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एकानं तेवढी मान दुसरीकडं फिरवली. पिवळा शर्ट, अर्धं टक्कल. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"उद्धवराव."

"मी न्हाई."

"मग पाटोद्याला जाणारी पिशवी कुणाची हाय? दवाखान्याचं नाव छापलंय तिच्यावर."

त्यानं पिशवी मागं लपवली. मग म्हणाला, "बाई, मी गुरांच्या दवाखान्यात काम करतो. तिथं बी रांगच असती. सुट्टीच्या दिवशी परत रांगेत कशाला उभं राहू?"

"ती रांग तिनं लावलेली न्हाई. मी लावली. तिनं बटणच दाबलेलं न्हाई."

 "काल संदेश आला तवा मी दोनदा आंघोळ केली," तो म्हणाला. "मग कळलं की सेहेचाळीस जणांना गेलाय. म्हटलं, ठीक हाय, सेहेचाळिसातला एक. आता तुमी म्हंता तिनं दाबलंच न्हाई. म्हंजे मी सेहेचाळिसातला बी न्हाई."

हे मला सुचलं नव्हतं. बस येऊन उभी राहिली. दार उघडलं.

"बरोबर हाय तुमचं," मी म्हटलं. "मी काही सांगणार न्हाई, मला त्यातलं ठाव न्हाई. एवढंच सांगते. बाकी सगळ्यांची नावं तिनं माझ्यापुढं घडाघडा घेतली. तुमचं विचारलं, तर वाचा म्हणाली."

कंडक्टरनं घंटी मारली. उद्धव पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. "वाचा म्हणाल्या?"

"वाचा म्हणाली. आन सुईत दोरा जाईना."

त्यानं पाय खाली घेतला. बस गेली. तो माझ्यामागून चालत आला, पण दहा पावलं अंतर ठेवून, जसा काही तो दुसऱ्याच कामाला चालला आहे.

दुकानात नसरीननं कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. ती सुवर्णाला विचारत होती, "ताई, कोणकोणते मागं घ्यायचे?"

सुवर्णानं दारात बघितलं. दत्ता होता, त्याच्यामागं मी, माझ्यामागं पिवळा शर्ट. बाहेर सात जण पेढे चघळत उभे.

"सगळे," ती म्हणाली.

"सेहेचाळीस?"

"सगळे म्हटलं ना. एक बी ठेवू नका."

नसरीननं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, तिचं पान आहे, तिचं ऐक. पण आधी मी हुडक्याचं ते 'कोणती?' विचारणं परत चालू केलं. हुडक्यानं विचारलं, दोन सुवर्णा आहेत, कोणती? सुवर्णानं स्वतः बोट लावून दाखवलं, ही.

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता. हुडक्या एकेक होकार मागं घेत चालला आणि बाहेर एकेकाचा फोन वाजत गेला. किसनचा वाजला, गॉगल खाली आला. महादेवचा वाजला, लगेच अंकुशचा. मामाच्या खिशात भाच्याचा फोन वाजला, कारण फोनही मामाकडंच होता. रमेश म्हणाला, "पेढे वाटून झाल्यावर?" सगळे हसायला लागले, दत्तासुद्धा. हसता हसता शेवटचा फोन वाजला. पिवळ्या शर्टाच्या खिशात.

उद्धवनं तो काढून बघितला, परत ठेवला, आणि पिशवी उचलली.

सुवर्णानं मशीनवरून मोबाइल घेतला. बोटावरची दोऱ्याची गुंडाळी सोडली. साइटवर वर-खाली करत बसली.  दत्ता काही बोलायला गेला तर नसरीननं त्याच्यासमोर हात धरला. मग सुवर्णानं अंगठ्यानं एकदा दाबलं, मोबाइल उपडा ठेवला आणि ब्लाउज उसवायला घेतला, जो नीट शिवलेला होता.

पिवळ्या शर्टाचा खिसा परत वाजला.

त्यानं फोन काढला. लांब धरला, जवळ धरला. चष्मा आणला नव्हता. 'स्वीकारा' हे बटण त्या पानावर कुठं असतं ते मला झोपेत माहीत आहे, खालच्या पट्टीत उजवीकडं, आणि त्याच्या शेजारीच 'नाकारा' आहे, अगदी चिकटून, ते मास्तरांना मी चारदा सांगितलंय. त्याचं बोट भलतीकडंच फिरत होतं. मला राहवेना. मी उठले.

"सांगू का कुठं हाय ते?"

"मावशी, बसा तुमी खाली," सुवर्णा म्हणाली. "त्यांचं त्यांना हुडकू द्या."

मी बसले. त्याला चार मिनिटं लागली.